कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांची मुले

मुंबईहून नागपूरकडे जाणारी आगगाडी बडनेरा सोडते, चांदूर मागे टाकते आणि आमच्या धामणगावच्या फलाटाशी येऊन थांबते. पुढे पुलगाव, वर्धा आणि नागपूर. हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. त्यानंतर काही वर्षांनी नाशिककडील एक तरुण ब्राह्मण कवी पोटापाण्याच्या शोधात याच मार्गाने वऱ्हाड ओलांडून नागपुरास गेला. आमचे स्टेशनही त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेच असेल. त्याचे नाव नारायण वामन टिळक. पुढे महाराष्ट्राने त्यांना फुलामुलांचा कवी म्हणून ओळखले, आणि ख्रिस्ती मंडळ्यांनी त्यांची भजने आपल्या उपासनेत घेतली. लोकमान्य टिळक ते हे नव्हेत, हे आमच्या बालवाचकांनी ध्यानात ठेवावे. दोघांचे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले व काळही एकच, परंतु दोघांच्या वाटा निराळ्या.

या थोर पुरुषाचे चरित्र पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे लिहिले आहे. कोणी त्यांच्या काव्याविषयी लिहिले, कोणी त्यांच्या धर्मांतराविषयी. आम्ही येथे एका निराळ्याच बाजूने त्यांच्याकडे पाहणार आहोत. टिळक हे पाळक होते, उपदेशक होते. आणि ते एका मुलाचे बापही होते. धर्मसेवा करणाऱ्या माणसाच्या घरात मुले कशी वाढावी, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात जितक्या कठोर रूपाने उभा राहिला तितका फारच थोड्यांच्या आयुष्यात राहिला असेल.

हा विषय आम्ही का निवडला, हे सांगणे अवश्य आहे. आमच्यासारख्या मिशन शाळेत पाळकांची, सुवार्तिकांची व शिक्षकांची मुले असतात, तशीच हिंदू, मुसलमान, बौद्ध व जैन घरांतील मुलेही असतात. यांपैकी पाळकाच्या मुलाची स्थिती काहीशी अवघड असते. त्याचा बाप व्यासपीठावर उभा राहून सर्वांस चांगले वागावयास सांगतो. मग सर्वांचे डोळे आपोआप त्या बापाच्या मुलाकडे वळतात. उपासनेत दुसऱ्या कोणाचे मूल पेंगले तर ते मूल दमले आहे असे लोक म्हणतात. पाळकाचे मूल पेंगले तर पाळकाच्या घरात शिस्त नाही असे म्हणतात. शास्त्रपाठाच्या परीक्षेत त्याचा पहिला नंबर आला तर नवल नाही, आणि न आला तर मात्र बोलबाला. अशा वेळी बापाच्या मनात मुलाच्या कल्याणाबरोबर स्वतःच्या अब्रूची चिंता नकळत मिसळते. मग प्रार्थनेची सक्ती होते, वचने पाठ करण्याची सक्ती होते आणि चेहऱ्यावर भक्ती दाखविण्याचीही सक्ती होते. हे केवळ ख्रिस्ती घरातच होते असे नाही. कीर्तनकाराच्या, मौलवीच्या, शिक्षकाच्या घरातील मुलांसही हा भार ठाऊक असतो.

आता टिळकांकडे वळू. नारायणाचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. त्यांची आई जानकीबाई प्रेमळ, भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. वडील वामनराव स्वभावाने कडक व तापट होते. मुलाची ओढ सर्वस्वी आईकडे. ती आई मुलाच्या लहानपणीच वारली आणि घरातला ओलावा संपला. नारायणाने तेव्हा घर सोडले व तो नाशिकची वाट चालू लागला. तेथे परक्या लोकांच्या आधाराने त्याने संस्कृताचा अभ्यास केला. ज्या घरात बापाचे भय असते पण बापाचे प्रेम दिसत नाही, त्या घरातून मूल कसे पळते, हे टिळकांस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यांची पत्नी लक्ष्मीबाई. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ साली, नाशिकजवळील जलालपूरचा. त्यांच्या बालपणाची कथा याहून चमत्कारिक आहे. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांस फाशी झाली. त्या घटनेचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, आणि त्यातून मीठसुद्धा सुटावयाचे नाही! मीठ धुतल्यावर काय उरते हे आमच्या बालवाचकांनी आपल्या आईस विचारावे. त्या घरातील बायकामुलांचा दिवस शिवाशिवीच्या धाकात उगवे आणि त्याच धाकात मावळे. लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या स्मृतिचित्रांत हे सर्व हसत हसत सांगितले आहे. परंतु त्या हसण्याखाली पोळलेले बालपण आहे हे जाणत्या वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

अशा दोन घरांतील ही दोन मुले १८८० च्या सुमारास विवाहाने एकत्र आली. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, मुलगी अकरा-बारा वर्षांची. टिळकांचा स्वभाव उदार, लहरी आणि उतावीळ. आज एका गावी नोकरी तर उद्या दुसऱ्या गावी. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे व्हावयाचे आणि घरी रिकाम्या हाताने यावयाचे. लक्ष्मीबाईंस लिहिणे-वाचणे येत नव्हते, ते त्यांनी लग्नानंतर टिळकांपासून शिकण्यास आरंभ केला. पोटची काही मुले अकाली गेली. जो मुलगा वाचला त्याचे नाव देवदत्त. घरातले त्यास दत्तू म्हणत. आई-वडिलांचा सारा जीव त्या एका मुलात होता.

नागपुरास टिळकांना श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला. तेथून पुढे ते राजनांदगाव संस्थानात गेले. १८९३ साली याच प्रवासात आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. दोघांचे काव्याविषयी व धर्माविषयी बोलणे झाले. त्या गृहस्थाने टिळकांस नव्या कराराची एक प्रत भेट दिली, ती वाचण्याची विनंती केली आणि तो आपल्या मार्गाने निघून गेला. त्याने वाद घातला नाही, वचन मागितले नाही, पाठलाग केला नाही. पुस्तक दिले आणि वाचणाऱ्यास एकटे सोडले. टिळकांच्या मनात त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे खळबळ चालू होती. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त हरण केले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे टिळकांची चूक झाली असे आमचे मत आहे, आणि चरित्रनायकाविषयी आदर असला तरी ते लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. हा एवढा मोठा निश्चय त्यांनी पत्नीस विश्वासात न घेता अमलात आणला. लक्ष्मीबाई त्या वेळी नातलगांत होत्या, दत्तू चार वर्षांच्या आतबाहेर होता. बातमी कळली तेव्हा त्या माउलीवर आकाश कोसळले. त्या काळी धर्मांतर म्हणजे केवळ देवघर बदलणे नव्हते. नवरा जिवंत असून तिचा संसार संपल्यासारखा झाला. घरच्या माणसांच्या मनात आणखी एक भय शिरले: बाप येऊन मुलास घेऊन जाईल काय?

हे भय निराधार नव्हते. त्या काळचा कायदा व रीत पाहता बापाचा मुलावरील हक्क आईच्या हक्कापेक्षा बळकट मानला जाई. त्याखेरीज, १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. धर्मांतर केलेल्या माणसाची पत्नी सहा महिने त्याच्याबरोबर राहण्यास कबूल न झाली तर त्यास न्यायालयात दाद मागता येई. न्यायालय पत्नीचे म्हणणे ऐके, विचारासाठी एक वर्ष थांबे, आणि तरीही नकार राहिला तर विवाह मोडून पुन्हा लग्न करण्याची मोकळीक देई. म्हणजे टिळकांच्या हाती दोन शस्त्रे होती: एक मुलावर चालविण्याचे आणि एक पत्नीवर चालविण्याचे. त्यांनी दोन्ही म्यानातच ठेवली. त्यांनी दुसरे लग्न केले नाही, आणि मुलासाठी कचेरीची पायरी चढले नाहीत.

लहान मूल दोन धर्मांच्या ओढाताणीत सापडले तर काय होते, याचा एक दाखला महाराष्ट्रासमोर होताच. १८४३ साली मुंबईस नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हेच नारायण शेषाद्री पुढे आपल्या वऱ्हाडाच्या शेजारी, जालन्याजवळ, बेथेल नावाचे गाव वसविणारे म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. वय सुमारे बारा वर्षांचे. बापाने न्यायालयात दाद मागितली. मूल अज्ञान म्हणून ते बापाच्या स्वाधीन झाले. परंतु तेवढ्याने प्रकरण संपले नाही. ख्रिस्त्यांबरोबर जेवलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे की न घ्यावे, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठी दुफळी माजली. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले. मिशन, न्यायालय, जात, वर्तमानपत्रे, सर्वांस त्या मुलाविषयी काही ना काही म्हणावयाचे होते. त्या गलबल्यात बारा वर्षांच्या श्रीपतास काय वाटत होते, हे विचारावयास किती जण थांबले असतील?

टिळकांनी दत्तूचा श्रीपत होऊ दिला नाही. त्यांनी वाट पाहिली. ही वाट एक-दोन महिन्यांची नव्हती, वर्षांची होती. लक्ष्मीबाई कधी नाशिककडे, कधी पंढरपुरास, नातलगांच्या आसऱ्याने राहिल्या. टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. पत्रे जात-येत, मधून भेटी होत; त्या भेटींत रागही असे, रडणेही असे. टिळकांच्या उतावळ्या स्वभावास या वाट पाहण्याने किती कष्ट झाले असतील याची कल्पना करावी. जो माणूस घरातील शेवटचा पैसा देताना क्षणभर थांबत नसे, तो स्वतःच्या मुलासाठी वर्षानुवर्षे थांबला. बाप्तिस्म्याच्या वेळी पत्नीस न विचारण्याची जी चूक झाली, तिचे प्रायश्चित्त त्यांनी या थांबण्याने केले, असे आम्हांस वाटते.

पुढे लक्ष्मीबाई नगरास यावयास तयार झाल्या. पण आपल्या अटींवर. त्यांचे सोवळे त्यांच्याजवळ, त्यांचा स्वयंपाक वेगळा, त्यांचे पाणी वेगळे. टिळकांनी सर्व मान्य केले. ख्रिस्ती उपदेशकाची पत्नी त्याच गावात सोवळे नेसून स्वयंपाक करीत आहे, हे दृश्य मंडळीतील लोकांस कसे दिसले असेल? ज्यास आपल्या घरचे मन वळविता येत नाही तो दुसऱ्यांचे काय वळविणार, असे एखाद्याच्या मनात आले असल्यास नवल नाही. पाळकाच्या अब्रूचा जो प्रश्न आम्ही आरंभी काढला तो येथे उभा राहतो. टिळकांनी लोकांच्या दृष्टीपेक्षा पत्नीच्या मनाची किंमत अधिक मानली. मुलगा दोन्ही चुलींच्या मध्ये वाढत होता. बापाची प्रार्थना त्याच्या कानावर पडे, आईचे स्तोत्रही पडे, आणि दोघांपैकी एकानेही दुसऱ्याच्या देवाची निंदा करून त्यास आपल्याकडे ओढावे, असे त्या घराचे वळण नव्हते.

लक्ष्मीबाईंचे मन कोणत्या उपदेशाने पालटले? कोणत्याच नव्हे. मुलाच्या आईने आपल्या मनाशी एक साधा विचार केला. हे जातिभेद देवाने केले की माणसाने? देवाने केले म्हणावे तर जन्म, मरण, शरीर, सुखदुःख सर्वांस सारखेच कसे? हा विचार पक्का होताच त्यांनी त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. ज्या बाईच्या माहेरी मीठ धुतले जाई तिचा हा निश्चय आहे, हे वाचकांनी विसरू नये. जे वेड बापाच्या धाकाने अंगी भिनले होते ते स्वतःच्या विचाराने गेले. त्यानंतर १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पती व पत्नी यांच्या बाप्तिस्म्यांमध्ये पाच वर्षांचे अंतर पडले. मुलाची वाट आईच्या वाटेबरोबर राहिली. आईला मागे टाकून त्यास कोणी पुढे ओढून नेले नाही.

आता या घराचे पुढचे चित्र पाहू. ख्रिस्ती झाल्यावर पुष्कळ कुटुंबे त्या काळी नावे बदलीत, पोशाख बदलीत, आणि घरातील भाषाही अर्धी इंग्रजी होई. टिळकांच्या घरी नारायणाचे नारायण राहिले, लक्ष्मीबाईंच्या लक्ष्मीबाई राहिल्या, दत्तूचा देवदत्तच राहिला आणि मुलीचे नाव तारा. ज्ञानेश्वर-तुकाराम त्या घरातून हद्दपार झाले नाहीत. टिळक म्हणत असत की ख्रिस्ताकडे जाण्याची त्यांची वाट तुकोबांच्या पुलावरून गेली. ख्रिस्ती मंडळीने अभंग, पदे व कीर्तन यांच्या द्वारे देवाची स्तुती करावी यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. मंडळीच्या उपासना संगीतात त्यांची शंभरांहून अधिक गीते आहेत, आणि त्यांचे अभंग अभंगांजली या नावाने प्रसिद्ध आहेत. अशा घरातील मुलास ख्रिस्ती होण्यासाठी मराठी असणे सोडावे लागले नाही. आजोळ परके मानावे लागले नाही. मुलावरचा हा केवढा भार हलका झाला, हे आज आपणांस सहज कळणार नाही.

हे घर पोटच्या मुलांपुरते नव्हते. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात नगर जिल्ह्यात अनाथ मुलांचा महापूर आला होता. मिशनने शेकडो मुलांस आसरा दिला. टिळकांस वाटेत एखादे उघडे, उपाशी मूल दिसले की ते त्यास घरी आणीत. आणि चुलीवर काय आहे याचा विचार लक्ष्मीबाईंनी करावयाचा असे. त्या रागावत, कुरकुरत, आणि मुलास न्हाऊ घालून जेवावयास वाढीत. अशी अनेक मुले त्या घरात वाढली, शिकली आणि मार्गास लागली.

या घरच्या पाहुण्या मुलांत एक मुलगा पुढे साऱ्या महाराष्ट्राचा लाडका झाला. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली व सर्वांस थक्क केले. त्यास बालकवी ही पदवी तेथेच मिळाली. टिळकांनी या मुलातील तेज ओळखले, आणि पुढे त्यास आपल्या नगरच्या घरी आणून ठेवले. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली. तो हट्टी होता, रुसणारा होता. त्याचे रुसवे त्यांनी काढले. आता आमचे वाचक विचारतील, पाळकाच्या घरात राहिलेला हा मुलगा ख्रिस्ती झाला का? नाही. ठोमरे हिंदू म्हणून त्या घरात आले आणि हिंदू म्हणूनच राहिले. टिळकांस आपल्या प्रभूविषयी संकोच होता असे नव्हे. ते तर उठता-बसता त्याचेच नाव घेत. परंतु भाकरी, निवारा आणि विद्या यांच्या मोबदल्यात मुलाकडून श्रद्धा घ्यावयाची नाही, हे त्या घराला समजत होते. १९१८ साली बालकवींस भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली अपघाती मृत्यू आला. वय अवघे सत्तावीस. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या आठवणी आपल्या पुस्तकात जिव्हाळ्याने लिहिल्या आहेत.

टिळकांचे घर निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. टिळक तापट होते, क्षणात चिडत आणि क्षणात विरघळत. त्यांच्या दानशूरपणाचा भार बहुतेक वेळा लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर पडे, आणि घरच्या मुलांसही ओढाताण सोसावी लागे. धर्मसेवकाने परक्यांस सर्व द्यावे व घरच्यांस उरलेसुरले, हा दोष आजच्या घरांतही दिसतो. टिळकांच्या थोरवीमुळे तो दोष गुण होत नाही. परंतु त्या घरात चुका उघड होत, आणि त्या उघड कबूल केल्या जात. बाप हा चुकणारा माणूस आहे, आणि तरीही तो देवास व आपल्यास मनापासून प्रेम करणारा आहे, हे त्या मुलांस दिसत होते. ज्या घरात बाप कधी चुकतच नाही असे सोंग असते, तेथे मुलेही सोंग शिकतात.

१९०४ साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी एक मोठे पाऊल टाकले. त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास देवाचा दरबार नावाने सेवाकार्य आरंभिले. या वेळी देवदत्त कर्ते झाले होते. बापाने सर्वस्व सोडले म्हणजे मुलानेही सोडले पाहिजे, असा हट्ट येथे झाला नाही. देवदत्तांनी वडिलांचा संन्यास उचलला नाही. त्यांनी संसार केला आणि लेखणी हाती धरली. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईस निवर्तले.

त्यांच्यामागे एक मोठे काम अपुरे राहिले. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत गाणारे ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी १९०९ साली आरंभिले होते. त्याचे अकराच अध्याय पुरे झाले होते. ते पुरे कोणी करावे? ज्यांना जोडाक्षरे लिहिताना अडचण पडे, ज्यांनी पाच वर्षे या धर्मापासून दूर राहण्याचा निर्धार केला होता, त्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला, आणि १९३८ साली शहात्तर अध्यायांचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांची गोष्ट अशीच आहे. देवदत्तांस वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. आई त्या सांगू लागली. आणि त्यातून मराठीतील एक अमोल आत्मचरित्र जन्मास आले. पहिला भाग १९३४ साली निघाला. आईच्या मृत्यूनंतर राहिलेला शेवटचा मजकूर मुलानेच पुरा केला. पुढे १९६० साली देवदत्तांनी पंडिता रमाबाईंचे चरित्रही लिहिले.

एका ग्रंथात बापाचे अध्याय, आईचे अध्याय आणि मुलाचा अध्याय, असा योग जगाच्या वाङ्मयात क्वचितच येतो. या अध्यायांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. बाप पुढे गेला, आई आपल्या विचाराने मागून आली, मुलाने शेवटी आपल्या हाताने पान पुरे केले. १८९५ साली टिळकांनी कचेरीत जाऊन मुलास ओढून आणले असते, तर दत्तू कदाचित मिळालाही असता. परंतु तो शेवटचा अध्याय लिहिणारा देवदत्त मिळाला असता काय? आम्हांस तरी तसे वाटत नाही.

आता दोन शब्द वडील मंडळींस. मुलांस मोकळे सोडणे म्हणजे त्यांस काहीच न देणे नव्हे. टिळकांच्या घरात प्रार्थना होती, भजन होते, सेवा होती, आणि बापाची श्रद्धा काय आहे याविषयी मुलांच्या मनात शंका नव्हती. जे स्वतःस अमोल वाटते ते मुलांसमोर अवश्य ठेवावे, रोज ठेवावे, आनंदाने ठेवावे. मात्र मूल ते केव्हा व कसे हाती घेईल, हा हिशेब आपल्या हाती ठेवू नये. मुलाने प्रश्न विचारला तर आपली अब्रू गेली असे समजू नये. प्रश्न न विचारता मान हलविणाऱ्या मुलाची चिंता अधिक करावी. मंडळीतील बंधुभगिनींसही आमची विनंती आहे. पाळकाच्या मुलांस इतर मुलांप्रमाणे खेळू द्यावे, पडू द्यावे, नापास होऊ द्यावे. ती मंडळीच्या खर्चाने ठेवलेली नमुन्याची मुले नव्हेत.

आणि आमच्या विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे आहे. तुमच्या आई-वडिलांनी सक्ती केली नाही याचा अर्थ त्यांस काळजी नाही असा करू नका. वाट पाहणे हे सक्ती करण्यापेक्षा कठीण काम आहे. नगरच्या त्या घरात एका उतावळ्या माणसाने ते काम पाच वर्षे केले. संध्याकाळी नागपूरकडे जाणारी गाडी आपल्या स्टेशनातून सुटेल तेव्हा त्या माणसाची आठवण करा. तो याच मार्गाने गेला होता, आणि पुढच्या प्रवासात त्याच्या हाती एक पुस्तक कोणीतरी न मागता दिले होते व त्याबद्दल काहीही मागितले नव्हते.